बोगदा मागायला गेलो तेव्हा

आमच्या वस्तीच्या कडेला ते दगड पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शेताची मोजणी आणली असेल. पांढरे दगड, डोक्यावर लाल रंग फासलेला, एक ओढ्याच्या अलीकडं आणि एक पलीकडं. आबा म्हणाले, "रस्त्याचे हायेत ते." आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं रस्त्यावर खडी फोडली, पुढं खडीच्या मशीनवर राहिले, आणि त्या मशीननं त्यांचे दोन्ही कान खाल्ले. आता समोर उभं राहून ओरडलं तरच त्यांना ऐकू येतं. मागून कुणी कितीही बोंबलू दे, आबा वळूनसुद्धा बघत नाहीत.

त्यांना रस्त्याचा लई आनंद झाला. "चार पदरी व्हणार म्हणं! आन आपल्या दारातून!" असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. मला मात्र ते 'दारातून' काही बरं वाटलं नाही.

कारण सांगते. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या एका अंगाला आणि गाव दुसऱ्या अंगाला. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, सगळं तिकडं. आमचं तुकडाभर रानही तिकडंच. आबा रोज सकाळी भाकरी बांधून घेतात, चार शेळ्या सोडतात आणि ओढा ओलांडून रानात जातात. त्यांना जा म्हणून कुणी सांगत नाही आणि नका जाऊ म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं आणि नवऱ्याचं पटलं नाही, तो विषय मी इथं काढत नाही. वडवणीच्या अलीकडच्या एका गावात मी शाळेवर आहे. सकाळी स्कूटी काढते ती संध्याकाळीच परत. म्हणजे दिवसभर आबा आणि त्यांच्या शेळ्या. आता त्यांच्या आणि रानाच्या मधून हायवे जाणार होता.

हायवे म्हणजे काय ते मला माहीत होतं. चौसाळ्याला माझी मावशी राहते, तिच्या घरापासून हायवे जवळ. लहानपणी सुट्टीला गेलं की मावशी आम्हाला अंगणाबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. रात्री गाड्यांनी भांडी थरथरायची. एकदा तिची म्हैस रस्त्यावर गेली, आणि तिकडून जो आवाज आला तो मी अजून विसरले नाही. मावशीनं पदर तोंडात धरला होता, एवढंच आठवतं.

गावात नोटीस लागली. ज्यांच्या काही हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं, भूसंपादनाचे साहेब स्वतः गावात येऊन ऐकणार. आम्ही विहारात बसलो. वस्तीत रस्त्याच्या विरोधात कुणीच नव्हतं, हे आधी सांगून ठेवते. बाळंतपणाला बीडला न्यायचं म्हटलं की आमच्या जुन्या रस्त्यावर बाईचे काय हाल होतात, हे आमच्या बायांना विचारा. रस्ता पाहिजेच होता. मागणी एकच ठरली: ओढ्यापाशी रस्त्याच्या खालून जायला बोगदा द्या. माणूस सरळ उभा राहून जाईल, बैलगाडी जाईल, एवढा. बस्स.

सरपंचांना सांगितलं तर ते म्हणाले, "बोलू की ताई बोगद्याचं पण." ते 'पण' मला तेव्हाच खटकलं. गावाला मावेज्याचं, म्हणजे भरपाईचं पडलेलं, जमिनी त्यांच्या जाणार होत्या. त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. पण बोगदा फक्त आमचा होता, म्हणजे तो आम्हालाच मागावा लागणार होता.

मग सुरू झाल्या तारखा. पहिल्या तारखेला सगळी वस्ती धुतलेले कपडे घालून बसली. मी रजा टाकली. दुपारी निरोप आला, साहेब मंत्र्यांच्या दौऱ्यात अडकलेत. दुसऱ्या तारखेला आचारसंहिता लागली. तिसऱ्या तारखेच्या आधी साहेबांचीच बदली झाली, आणि नवे साहेब म्हणे आधी फाइलचा अभ्यास करणार. करा बाबा अभ्यास! पण इकडं ऊसतोडीचे दिवस आले होते. आमची निम्म्याहून जास्त वस्ती कोयता घेऊन कारखान्याला जाते. पोरं म्हणायची, "आक्का, सुनावणी झाली की निघतो." मुकादम किती थांबणार? एक दिवस ट्रॅक्टर आला, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं भरली आणि गेले. दारांना कुलपं लागली. वस्तीत उरलो आम्ही नोकरीवाले चारदोन आणि म्हातारी माणसं.

त्या मधल्या दिवसांत माझी भीती वाढतच गेली. रस्ता अजून कागदावर होता, ओढ्यापाशी नुसती बाभळ आणि दगड, तरी आबा सकाळी तिथून पार व्हायला लागले की मी दारात उभी राहायची. मोकळ्या मातीतून चाललेले असायचे, शेळ्या पुढं, काठी खांद्यावर. मला तिथं ट्रक दिसायचा. शाळेत फळ्यावर लिहिताना दिसायचा. पोरं पाठीमागून "मॅडम" म्हणाली की मी दचकून वळायची. त्यातच एक दिवस ओढ्याच्या वरच्या अंगाला मुरमाचे ढीग पडले. सुनावणी व्हायच्या आधी मुरूम! मी सरपंचांना फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, मुरूम टाकला म्हणजे रस्ता झाला का?" मी म्हटलं, "मग काय, लेकरांना खेळायला टाकलाय का?" त्यांनी हसून फोन ठेवला.

शेवटी चौथी तारीख खरी ठरली. जागा, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. आता तिथं आम्हाला कोणी अडवत नाही, मी खुशाल आत जाऊन खुर्चीवर बसते. पण आबांच्या वयाची माणसं पायरीपर्यंत जातात आणि तिथंच टेकतात. कुणी सांगायला लागत नाही, पायच थांबतात.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या भागात माणूस कशासाठी आलाय हे नंतर, आधी त्याचा सत्कार. जनावराचा डॉक्टर आला, सत्कार. बँकेचा साहेब वसुलीला आला, त्यालाही शाल आणि नारळ. रिकाम्या हातानं बोलणं म्हणजे भांडायला आल्यासारखं वाटतं आम्हाला. त्यामुळं गावानं फेटा बांधणारा माणूस शेजारच्या गावातून बोलावून ठेवला होता.

आदल्या संध्याकाळी आमच्या वस्तीतले एक काका आले. कचेरीत शिपाई होते, रिटायर झालेले. म्हणाले, "पोरी, गाव सत्कार करणार, मग आपला नको का?"

मी म्हटलं, "काका, आपण मागायला चाललोय. सत्कार कशाचा?"

"मागायला चाललो म्हणूनच तर! सायेब लोकांना मी जन्मभर बघितलंय. खूश केला की ऐकतो. आन गावानं केला, आपण न्हाई, तर मग आपण कोण बे, वाऱ्यावरचे?" काका रागात आले की बाईमाणसालाही बे म्हणतात.

त्यांचं ते शेवटचं वाक्य सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. गावाच्या शालीपेक्षा आपली शाल हलकी नको म्हणून बीडहून चांगली आणली, सोबत एक पुस्तक. आणि शाल द्यायची कुणी, तर वस्तीत सगळ्यात म्हातारं माणूस म्हणून आबांनी. मी त्यांच्या समोर उभी राहून ओरडून सांगितलं. आबा एवढे लाजले की काही विचारू नका.

साहेब सकाळी येणार होते, आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तरुण होते, स्वभावानं मऊ वाटले. "कशाला हे सगळं," असं म्हणत त्यांनी फेट्यासाठी डोकं पुढं केलं. फेटा बांधायला घेतला तर तो बांधणारा गडी असा रंगात आला की पीळ उलगडतोय, परत घालतोय. मग त्यांच्यासोबत आलेल्या इंजिनिअरला फेटा. मग तलाठ्याला शाल. मग शाळेतल्या पोरींचं स्वागतगीत, पेटीसकट. मग प्रास्ताविक. प्रास्ताविक करणारे गुरुजी गावाचा इतिहास निजामापासून सांगायला लागले. माझ्या हातात कागद होता, घामानं ओला झालेला. मी घड्याळ बघत होते आणि साहेबही घड्याळ बघत होते. बाई गं, तेवढ्या वेळात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. वाटत होतं, उठावं आणि त्या पेटीवर पाय द्यावा.

मग मावेजा आला. दोघंतिघं बोलले, एकमेकांवरच घसरले, कुणाची विहीर धरली आणि कुणाची नाही. साहेबांनी ऐकून घेतलं, इंजिनिअर लिहीत होता. तेवढ्यात साहेब म्हणाले, "मला पुढच्या गावाला पण सुनावणी आहे. अजून कोणाचं काही?"

मी उठले. पण माझ्या आधी काका उठले होते. "सायेब, आमच्या वस्तीच्या वतीनं छोटासा सत्कार!"

आबा पायरीवरून उठले. चपला काढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या मंडपात आत आले, माझ्या डोळ्यांदेखत. हातात शाल, मान ताठ, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी आईच्या जाण्यानंतर ते बघितलं नव्हतं. त्यांनी शाल नीट उलगडली, साहेबांच्या खांद्यावर घातली, वरून दोनदा थोपटली. इंजिनिअरनं मोबाइल काढून फोटो घेतला. साहेब वाकून आबांच्या पाया पडले. सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. गावानंसुद्धा.

आणि त्या टाळ्यांतच साहेब निघाले.

मी पुढं घुसले. "साहेब, बोगदा! ओढ्यापाशी बोगदा पाहिजे, आमची माणसं रोज इकडून तिकडं जातात." साहेब थांबले, हे मी कबूल करते. त्यांनी वस्तीकडं बघितलं. देवळाच्या ओट्यावरून आमची वस्ती समोर दिसते.

"तिथं किती लोक राहतात?" त्यांनी विचारलं.

माझ्या आधी इंजिनिअर बोलला, "सर, मी जाऊन आलोय. बहुतेक घरं बंदच आहेत."

"उसाला गेलेत हो सगळे!" मी जवळजवळ किंचाळलेच. "येतील परत. घरं त्यांचीच हायेत, लेकरं हायेत!"

"हो का," साहेब म्हणाले. "तुम्ही लेखी द्या मॅडम. नक्की विचार करू." मी तो ओला कागद दिला. त्यांनी तो इंजिनिअरकडं दिला. गाडी चालूच होती.

घरी येताना आबा ओरडून ओरडून सगळ्यांना सांगत होते, "सायेब माझ्या पाया पडला! म्या डोळ्यानं बघितलं!" काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "झालं बघ काम. खूश झाला माणूस."

पुढं चैतावैशाखात मशिनी आल्या. भराव वर वर चढत गेला, आमच्या घरातून गाव दिसेनासं झालं. ओढ्याच्या जागी त्यांनी सिमेंटच्या नळ्या टाकल्या. मी स्कूटी लावून त्या इंजिनिअरला गाठलं. बोगदा कुठाय म्हणून विचारलं.

"मोरी दिलीय की मॅडम."

"मोरीतून माणूस कसा जाणार? लेकरू रांगत जाईल फार तर!"

"पाण्यासाठी आहे ती." तो वैतागला होता, उन्हानं तोंड काळं पडलेलं. "आणि त्या वेळी कोणी मागितला नव्हता बोगदा. तुमच्याकडून तर स्वागत झालं ना?" त्यानं मोबाइल काढला आणि मला दाखवला. फोटोत आबा साहेबांना शाल घालत होते. मागं मीच उभी होते, हातात कागद. "हाच फोटो अहवालाला लावलाय," तो म्हणाला, आणि हे त्यानं चांगल्या मनानं सांगितलं, आमच्या म्हाताऱ्याचं कौतुक म्हणून. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आली नुसती भीती. आता हे बदलणार नाही, ही भीती. माझा कागद कुठं गेला, ते मी विचारलंही नाही.

ऊसतोडीहून लोक परत आले. वस्तीनं अर्ज केले, काहीजण जिल्ह्याला जाऊन बसले. सांगितलं गेलं की हरकतींची मुदत संपली, सुनावणी झाली. आमची पोरं मला विचारायची, "आक्का, तू बोलली न्हाई का?"

रस्ता चालू झाला. पहिले चार दिवस लोक संध्याकाळी कपडे करून बघायला जायचे. मग गाड्यांनी वेग धरला. आबांनी आपली रीत बसवली. शेळ्या मोरीच्या नळीतून सोडायच्या, त्यांना तेवढी वाट पुरायची. आपण काठी टेकत भरावावर चढायचं, दुभाजकाच्या फटीतून पलीकडं उतरायचं. शेळ्या खाली वाट बघत उभ्या. आबांना त्यात गंमतच वाटायची. "शेळीला बोगदा हाय, मला न्हाई!" म्हणून खदाखदा हसायचे.

"आबा, बघून जात जा!" मी समोर उभी राहून ओरडायची.

"बघतो की. कावून घाबरती एवढी? म्या रस्त्यावर जल्म काढलाय."

पण त्यांनी जन्म काढला तो वेगळ्या रस्त्यावर. त्या रस्त्यावरून बैलगाडी यायची, एसटी यायची, आणि ती लांबूनच दिसायची. ह्या रस्त्यावर गाडी दिसते तोवर येऊन गेलेली असते. शाळेत माझा फोन टेबलावर असतो, आणि तो वाजला की मी आधी भिंतीला हात लावते आणि मग उचलते. वर्गातल्या पोरींनी हे बघितलंय. एकीनं विचारलं, "मॅडम, तुमाला चक्कर येती का?"

मग ती सकाळ आली. मी स्कूटी काढत होते. ब्रेकचा आवाज आला, असा लांबलचक, चिरत जाणारा. स्कूटी तिथंच आडवी टाकून मी भरावावर चढले. पाय घसरत होते, साडी फाटली. वर एक ट्रक तिरका उभा होता. आबा त्याच्यापासून हातभर लांब, पाठमोरे, खाली वाकून शेळ्यांना हाका मारत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरला होता, पंजाबकडचा कुणीतरी, घामानं भिजलेला. मला बघून त्यानं हात जोडले. मीही जोडले. आबा सावकाश पलीकडं उतरून गेले.

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले. जाताना अंगणाच्या फाटकाला बाहेरून कुलूप लावलं.

शेळ्यांना चारा आणून टाकला होता, आबांची भाकरी-भाजी झाकून ठेवली होती, पाणी भरून ठेवलं होतं. त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही. आणि शपथेवर सांगते, त्या दिवशी वर्गात कित्येक महिन्यांनी मी नीट शिकवलं. फोन वाजला तर भिंत धरली नाही. लेकरांबरोबर हसले. मला एवढं हलकं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी आले तर आबा फाटकाच्या आत, जमिनीवर बसलेले. डोक्याला पटका, पायात चपला, कमरेला भाकरीचं फडकं बांधलेलं. चारी शेळ्यांची दावी हातात. भाकरी तशीच होती, खाल्लेली नव्हती. सकाळपासून तिथंच होते, तयार होऊन.

मी कुलूप काढलं. ते उठले नाहीत. वर बघून म्हणाले, "माय, माझं काय चुकलं का?" त्यांना वाटलं हळू बोलतायत, पण त्यांचा आवाज साऱ्या वस्तीत गेला. "काय चुकलं असंल तर सांग. म्या माफी मागतो."

मी त्यांच्या समोर बसले, दावी सोडवून घेतली, शेळ्या खुंट्याला बांधल्या. आबांना भाकरी कुस्करून दिली. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी पुन्हा कुलूप लावलं.